गॅसबरोबर शेगडी

गॅसचं नवं कनेक्शन घ्यायला गेलं की एजन्सीवाला शेगडी गळ्यात मारायचा, हे आपल्या वयाच्या कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको. सिलिंडर पाहिजे? मग शेगडी आमच्याकडूनच घ्या, लायटर घ्या, नळी घ्या. घरात सासूबाईंच्या वेळची पितळी बर्नरची शेगडी धडधाकट असली तरी घ्या. आपण त्यावर भांडलो. एजन्सीच्या दारात उभं राहून भांडलो, घरी येऊन नवऱ्याशी भांडलो, तक्रारवहीत लिहिलं. आज तेल कंपन्या स्वतःच सांगतात की शेगडी एजन्सीकडूनच घ्यायची सक्ती नाही. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर लिहूनच ठेवलंय, की एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही निर्बंधक व्यापार प्रथा आहे.

मग एजन्सीवाल्याला दमात घेणारी तीच बाई लॅपटॉपच्या दुकानात मुकी का होते?

पन्नास-पंचावन्न हजार मोजून आपण लॅपटॉप घेतो तेव्हा एक नाही, दोन वस्तू घेत असतो. एक ते यंत्र. दुसरी, त्यात आधीच घालून ठेवलेलं विंडोज. बिलावर मात्र ओळ एकच. यंत्राचे किती आणि विंडोजचे किती, हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणाऱ्या आपण इथे एका अक्षराने विचारत नाही! इटलीतल्या ग्राहकांनी विचारलं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की यंत्र ठेवून नको असलेल्या विंडोजचे पैसे परत मागायचा ग्राहकाला हक्क आहे. आपल्याकडे हा मुद्दा कोर्टात टिकेल की नाही ते वकिलांनी बघावं. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न विचारायला वकील लागत नाही.

आता कोणी म्हणेल, विंडोज नाही तर काय, रिकामा डबा घेऊन बसायचं का? नाही. यंत्र आणि आपण यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. कळ दाबली की अक्षर उमटवणारा, फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणारा, छपाईयंत्राला हुकूम देणारा. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा एक कारभारी. दुसरा लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. कोणीही वापरा, कोणीही वाचा, सुधारा, दुसऱ्याला द्या. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या लोकांनी आपापली घरं बांधली. उबुंटू २००४ पासूनचं, लिनक्स मिंट २००६ पासूनचं. फुकट आहे म्हटल्यावर नाक मुरडू नका. ज्या अँड्रॉइड फोनवर तुम्ही रोज सकाळी सुप्रभातची फुलं पाठवता तो याच गाभ्यावर चालतो. आणि जगातले सर्वांत मोठे पाचशे महासंगणक मोजतात ना, २०१७ पासून ते सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. फुकटचं ते पौष्टिक म्हणून हसण्यासारखं यात काही नाही.

पण मी इथे विंडोज टाका आणि लिनक्स घ्या असा झेंडा घेऊन उभी नाही. माझा आग्रह त्याच्या आधीचा आहे. लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न किंमतीचा नको, रंगाचा तर नकोच. पहिला प्रश्न हा, की यात लिनक्स नीट चालतं का? तुम्ही आज लिनक्स वापरणार असा किंवा नसा. ज्या यंत्रात दुसरा कारभारी नांदूच शकत नाही, ते यंत्र तुम्ही विकत घेतलेलं नाही. ते तुम्हाला एका कंपनीच्या मर्जीवर वापरायला दिलेलं आहे, आणि मर्जी कधी संपणार तेही तीच कंपनी ठरवते.

ती कशी संपते ते आपण नुकतंच पाहिलं. विंडोज १० आलं २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची सुरक्षेची डागडुजी बंद झाली. घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एक वर्ष दिलं, तेही नाव नोंदवणाऱ्यांनाच. मग विंडोज ११ घ्या म्हणावं तर ते प्रत्येक यंत्रात बसत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७-१८ नंतरचा. त्याआधीचं यंत्र कितीही नेटकं असू दे, ते बाद. कळफलक शाबूत, पडदा स्वच्छ, नुसता कारभारी नोकरी सोडून गेला म्हणून घर पाडायचं.

आमच्या महिला मंडळाचा लॅपटॉप २०१६ चा. त्यावर मंडळाचे हिशोब, सभासदांची यादी, पाठशाळेच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका, वर्षातून एकदा अहवाल. गेल्या दिवाळीच्या सुमारास दुरुस्तीवाला म्हणाला, "अक्का, हे आता भंगार. नवीन विंडोज यात बसत नाही. पन्नासेक हजारांचा नवा घेऊन टाका." लगेच कार्यकारिणीत ठराव. पैसे कुठून? शिष्यवृत्तीच्या ठेवीतून. म्हणजे दोन मुलींची वर्षाची फी एका डब्याच्या पायी. अपरिग्रहावरचं प्रवचन ऐकून आलेल्या बायका हात वर करायला निघाल्या होत्या! मी कडाडून विरोध केला आणि त्या सभेत बरंच ऐकूनही घेतलं. शेवटी पॉलिटेक्निकला असलेल्या एका सभासदाच्या मुलीने जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट घातलं. चार जीबी रॅमवर ते चालतंय. यंदाचा अहवाल त्यावरच टाइप झाला आणि फी त्या दोन मुलींची भरली. हे जमलं, कारण नऊ-दहा वर्षांपूर्वी घेतलेलं ते यंत्र योगायोगाने दुसऱ्या कारभाऱ्याला मानवणारं निघालं. तो योगायोग होता, हेच मला खुपतं. पुढच्या वेळी योगायोगावर का सोडायचं?

इथे लिनक्सवाल्या पोरांशीही माझं भांडण आहे. प्रत्येक घरात एखादा भाचा असतो. तो म्हणतो, "मावशी, कुठलाही लॅपटॉप घे, मी टाकून देतो लिनक्स. काही अडलं तर टर्मिनलमध्ये दोन ओळी टाकायच्या." त्या दोन ओळी तो बेंगळुरूहून फोनवर सांगतो, आपण चष्मा पुसत टाइप करतो, आणि मग वाय-फाय कायमचं जातं. इंडक्शनची शेगडी आणल्यावर भांडी घ्यायला जाताना आपण पर्समध्ये लोहचुंबक टाकून नेतो. बुडाला चुंबक चिकटला तर पातेलं घ्यायचं, नाही चिकटला तर कितीही चकचकीत असो, परत. पातेलं आणून मग त्याला बुडाशी लोखंडाची चकती ठोकत बसत नाही. लॅपटॉपचंही तसंच हवं. यंत्र आधी पारखा म्हणजे दोन ओळींची वेळच येत नाही.

पारखायचं काय, ते सांगते. यात थोडा वेळ घालवा, कारण पैसे जातात ते इथेच.

यंत्राच्या पोटात वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा असतात. वाय-फायची एक, आवाजाची एक, कॅमेऱ्याची एक, चित्र दाखवणारी एक. प्रत्येक चिपची बोली वेगळी. कारभाऱ्याला ती कळावी म्हणून मध्ये दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. सीमाभागात राहणाऱ्यांना दुभाष्याचं महत्त्व मी काय सांगावं! कचेरीतला कागद कन्नड, अर्जदार मराठी, आणि मधला माणूस चहाला गेलेला असला की दिवस वाया. विंडोजसाठी दुभाषी त्या त्या कंपन्या स्वतः देतात. लिनक्ससाठी काही कंपन्या मनापासून देतात, काही देत नाहीत आणि चिपची माहितीही सांगत नाहीत. मग जगभरची मंडळी अंदाजाने, चाचपडत ती बोली शिकतात. म्हणून 'लिनक्स चालत नाही' याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'चिपवाल्याने तोंड उघडलं नाही' असा असतो. दोष कोणाच्या खात्यावर लिहायचा ते नीट लिहा.

इंटेल आणि एएमडीच्या चित्र दाखवणाऱ्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हीडियाचं तसं नाही, तिचा वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो आणि कधीकधी तो रुसतो. टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात या कंपनीला उद्देशून भर सभेत जे बोट दाखवलं ते इथे वर्णन करण्यासारखं नाही. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, तेव्हापासून परिस्थिती बरी आहे. पण माझं म्हणणं, आपल्याला ते कार्ड हवंय कशाला? ते मोठ्या खेळांसाठी आणि चित्रपटांच्या संपादनासाठी. बी.कॉम.च्या मुलीला आणि मंडळाच्या सचिवाला त्याचा काय उपयोग? दुकानदार मात्र 'ग्राफिक्स कार्डवाला आहे अक्का' म्हणून दहा-पंधरा हजार जास्त लावतो, जसं काही जरीच सोन्याची आहे.

वाय-फायची चिप इंटेलची असेल तर सहसा निर्धास्त. ब्रॉडकॉमची असेल तर ड्रायव्हर मागाहून घालावा लागतो, आणि तो घालायला इंटरनेट लागतं, जे वाय-फायशिवाय मिळत नाही. गंमत बघा. रिअलटेक आणि मीडियाटेक आता बहुतेक चालतात, पण अगदी नवी चिप असेल तर विचारूनच घ्या. बोटाचा ठसा ओळखणारं बटण अनेक लॅपटॉपांवर लिनक्समध्ये मुकंच राहतं. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. काही अलीकडच्या पातळ, महागड्या यंत्रांत कॅमेरा नव्या पद्धतीने जोडलेला असतो आणि तोही दिसत नाही. नातवंडं परदेशात असतील तर कॅमेरा आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

यावरून एक गोष्ट लक्षात आली असेल. कालपरवा बाजारात आलेलं मॉडेल घेऊ नये. दुभाषी शिकायला थोडा अवधी लागतो. वर्षभर जुनं मॉडेल लिनक्सला जास्त मानवतं आणि स्वस्तही असतं. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप २०२४ पासून जोरात विकले जात आहेत, बॅटरी दिवसभर पुरते म्हणून. त्यांच्यावर लिनक्सची तयारी अजून कच्ची आहे. ते सध्या नकोत.

कंपनीचं नाव ऐकून निर्णय घेऊ नका, मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्या. एकाच नावाखाली चार-चार तऱ्हेची पोटं असतात. उलटं करून खालचा बारीक छापलेला क्रमांक मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून घ्या आणि तो उबुंटूच्या प्रमाणित यंत्रांच्या यादीत शोधा. उबुंटू काढणारी कॅनोनिकल कंपनी अशी यादी ठेवते, त्यात डेल, लेनोव्हो, एचपी यांची कितीतरी मॉडेलं आहेत. यादीत नसलं म्हणजे चालणारच नाही असं नाही. पण असलं तर निम्मी काळजी मिटली.

आणि नवंच हवं हा हट्ट कशाला? कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून सोडलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकायला येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. हे कचेऱ्यांसाठी बांधलेले असतात, अंगाने जाड, रूपाने यथातथा, पण टणक. लिनक्सवाल्यांचे हे जुने लाडके, त्यामुळे त्यांचे दुभाषी पक्के तयार. थिंकपॅड टी ४८० सारख्या यंत्रात मागची बॅटरी हाताने काढता येते, रॅमच्या दोन खोबणी असतात. आजच्या कित्येक नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते. पुढे वाढवता येत नाही, बिघडली तर बदलता येत नाही. मुलगी बारावीत असताना आठ जीबी घेतलंत तर ती एम.ए. होईपर्यंत आठच. दुकानात हा प्रश्न विचारला की विक्रेता जरा नीट उभा राहतो, असा माझा अनुभव आहे.

डॉसवाला लॅपटॉप म्हणून एक प्रकार मिळतो. म्हणजे आत विंडोज नसलेला, फ्रीडॉस नावाची साधी जुन्या धर्तीची प्रणाली घातलेला. काही हजारांनी स्वस्त पडतो. चांगला पर्याय आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. विंडोज नाही म्हणजे लिनक्स चालणारच, असं नव्हे, पारख तिथेही करावीच लागते. दुसरं, दुकानदार हळूच म्हणतो, "पाचशे द्या, विंडोज टाकून देतो." हे विंडोज चोरीचं असतं. आपल्या घरात पोरांना दुसऱ्याच्या झाडाचा पेरू तोडू देत नाही आणि ही चोरी मात्र आपण पावतीशिवाय घरी आणतो. मला हे अजिबात मान्य नाही. पैसे द्यायचे तर राजरोस द्या, नाहीतर ज्याला पैसे लागत नाहीत ते वापरा.

दुकानदाराचं ठेवणीतलं वाक्य, "लिनक्स टाकलं तर वॉरंटी जाईल." वॉरंटी कळफलकाची, पडद्याची, बॅटरीची असते. कारभारी बदलल्याने कळफलकाची कळ तुटत नाही. वॉरंटीचा कागद मागा आणि असं कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

आता मला ज्याचा सगळ्यांत जास्त राग आहे ते सांगते. घरातला लॅपटॉप कोणाचा असतो? निवडतो जावई नाहीतर मुलगा, वापरतं सगळं घर, आणि धापा टाकायला लागला की तो आईकडे येतो. "आईला काय, भजनं ऐकायला चालेल." इथवर आपण हसून सोडून देतो. पण विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागतात. ते खातं मुलाच्या ईमेलने उघडलं जातं, नाहीतर नवऱ्याच्या. बऱ्याच नव्या यंत्रांत आतली माहिती आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली, अठ्ठेचाळीस आकड्यांची, त्याच खात्यात जाऊन बसते. कुलूप असणं वाईट नाही, चोरापासून ते वाचवतंच. पण किल्ली कोणाच्या कनवटीला? उद्या घरातला कर्ता माणूस गेला, त्याच्या खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक नाही, आणि यंत्राने किल्ली मागितली, तर विम्याचे कागद, मुलीच्या लग्नाचे फोटो, घरपट्टीच्या पावत्या सगळं समोर असून नसल्यासारखं. आधीच दुःखात बसलेल्या बाईला हे कोण समजावणार?

लिनक्समध्येही कुलूप घालता येतं. पण घालायचं की नाही ते बसवतानाच विचारतात, परवलीचा शब्द तुम्ही ठरवता, आणि कोणत्याही कंपनीचं खातं लागत नाही. तुमचं नाव घाला, तुमचा शब्द घाला, संपलं. अंगणातल्या तुळशीइतकी ती जागा तुमची. आणि ज्या घरांत विंडोजच आहे तिथल्या मैत्रिणींना विनंती, आज संध्याकाळी ती किल्ली शोधून वहीत उतरवून ठेवा. दागिन्यांच्या यादीशेजारी.

"पण मराठी टाइप होतं का?" हा प्रश्न मला हमखास येतो. होतं. उबुंटू आणि मिंटच्या कळफलकांच्या यादीत मराठी आहे, कन्नडही आहे. आपल्या भागातल्या बायकांसाठी तर इन्स्क्रिप्ट कळफलकासारखी सोय नाही. भारतीय लिप्यांसाठी सरकारने ठरवून दिलेली ही मांडणी सगळ्या लिप्यांत सारखी आहे. मराठीतला क ज्या कळीवर, कन्नडचा ಕ त्याच कळीवर. लेकीला कन्नड माध्यमात घातलंय आणि आई मराठीत लिहिते, अशा घरात एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा आल्या. लिब्रेऑफिसमध्ये पत्र, हिशोब, सादरीकरण सगळं होतं. विंडोजवरही इन्स्क्रिप्ट आहेच, खोटं कशाला बोला.

आणि खोटं बोलायचं नाही तर हेही सांगितलं पाहिजे की काहींनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. ज्यांचा धंदा टॅलीवर आहे, ज्या बायका छापखान्यासाठी श्रीलिपीत मजकूर जुळवून देतात, ज्या मुलींना ऑटोकॅड किंवा फोटोशॉप लागतं, त्यांनी विंडोजच ठेवावं. ऑनलाइन परीक्षेचं काही सॉफ्टवेअरही फक्त विंडोज मागतं, कॉलेजला आधी विचारा. छपाईयंत्रांत एचपीची बहुतेक मॉडेलं लिनक्सवर बिनतक्रार चालतात. काही कंपन्यांची स्वस्त लेझर यंत्रं मात्र छळतात. पण नीट बघा, या यादीतल्या किती जणी आपण आहोत? हिशोब, पत्रव्यवहार, ईमेल, व्हिडिओ, बँक, मुलांचा अभ्यास यांत आपलं काम संपतं, आणि यांतलं जवळजवळ सगळं आता ब्राउझरमध्ये होतं.

बायकांना हे झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांनी केरळात जाऊन यावं. तिथल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुलं आणि शिक्षक लिनक्सवर शिकतात, आणि त्या शिक्षकांत बायका किती असतात हे काय मी सांगायला हवं? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस नावाचं लिनक्स २००७ मध्येच काढलं. मी मात्र बेळगावच्या दुकानात त्याचं नाव आजवर ऐकलेलं नाही. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सरकारी कचेऱ्यांतले तीसेक हजार संगणक या वाटेने न्यायचं ठरवलं. एवढी मोठी सरकारं 'आमच्या किल्ल्या आमच्याकडे हव्यात' म्हणतात आणि आपण आपल्या स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावरच्या यंत्राबद्दल म्हणतो, मुलगा बघेल.

आता चुंबकाचं सांगते. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंट उतरवून घ्या. भाच्याचा उपयोग इथे करा, हे काम त्याला अर्ध्या तासाचं आहे. असा पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं की आतल्या विंडोजला धक्का न लावता लिनक्स तात्पुरतं चालवून बघता येतं. काढला की यंत्र जसंच्या तसं. दुकानात लावून ठेवलेल्या नगावर हे करा. सुरू करताना एफ १२ किंवा एफ २ किंवा एस्केप दाबावं लागतं, कंपनीगणिक कळ वेगळी, ती विक्रेत्याला ठाऊक असते. पेन ड्राइव्हवरून चालू झालं की मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा. एक गाणं लावा. कॅमेरा उघडून स्वतःचं तोंड बघा. उजेड कमी-जास्त करायच्या कळा दाबा. दोन बोटांनी पान सरकतंय का? मग झाकण मिटा, शंभरपर्यंत मोजा, उघडा. जागं झालं पाहिजे. पुष्कळ यंत्रं इथेच नापास होतात आणि हे कोणी सांगत नाही. सगळं मिळून दहा मिनिटं. घरच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर हाच प्रयोग करायचा असेल तर ती वहीत उतरवलेली किल्ली आधी जवळ ठेवा, सेटिंग बदललं की यंत्र कधीकधी ती मागतं.

साडी घेताना पदर उलगडून, उजेडात नेऊन, सुत चोळून बघितल्याशिवाय आपण उठत नाही, आणि दुकानदार निमूटपणे पंधरा साड्या उलगडतो. लॅपटॉपवाल्याने पेन ड्राइव्ह लावू द्यायला नकार दिला, तर त्याच्याशी वाद घालू नका. खडेबाजारातून गणपत गल्लीपर्यंत चालत गेलं तरी वाटेत आणखी दुकानं लागतात.